वाटाड्या

रात्री नऊ-सव्वानऊला फोन वाजला आणि पलीकडून "जेवलास का?" असा प्रश्न आला की मी टीव्हीचा आवाज बंद करतो आणि चष्मा शोधायला लागतो. पुढचा अर्धा तास गेला म्हणून समजायचं. जेवलो म्हटलं की काय जेवलास. वांगं म्हटलं की काटेरी का भरताचं. आणि भरताचं म्हटलं की संपलंच. "भरीत रे... सिंहगडावरचं आठवतं? देवटाक्याचं पाणी, मडक्यातलं दही, आणि ती बाई भाकरी थापता थापता नवऱ्याला शिव्या घालत होती..." मग देवटाक्यापासून कल्याण दरवाज्यापर्यंत आमची एक फेरी होते. तिथून तो उतरायला लागला की आवाज जरा खाली येतो. "बरं, एक विचारू का? हा प्रिंटर ऑफलाइन म्हणतोय. म्हणजे नक्की गेलाय कुठं?"

खाणं, मग गड, मग कॉम्प्युटर. हा क्रम गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यानं एकदाही मोडलेला नाही. एकदा त्याच्या मशीनमधून धूर यायला लागला होता. तेव्हासुद्धा त्यानं आधी आमच्याकडे आमटी कसली केली आहे ते विचारलं होतं.

हा आमचा वाटाड्या. त्याला खरं नाव आहे, ते पेन्शनच्या पुस्तकावर लिहिलेलं असतं. कंपूत तो वाटाड्याच. खरा वाटाड्या म्हणजे पायथ्याच्या गावातला माणूस. खांद्यावर घोंगडी, कमरेला कोयता, बोलणं चार शब्दांचं. तो पुढे चालतो आणि मागे कोण धापा टाकतंय ते वळून बघत नाही. आमचा वाटाड्या जन्मला सदाशिव पेठेत. घोंगडी त्याला टोचते, कोयत्यानं त्याला शहाळंही सोलता येत नाही आणि तो बोलायचा थांबत नाही. हे नाव त्याला कसं मिळालं ते सांगतो.

१९८३ सालचा जुलै. आम्ही चौघं, म्हणजे हा, मी, मास्तर आणि कॅशियर, राजगडावर गेलो होतो. गुंजवण्याहून चोरदरवाज्याच्या वाटेनं चढलो, पद्मावतीच्या देवळात मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीवर गेलो आणि ढग उतरला. हात लांब केला तर स्वतःची बोटं दिसेनात. मास्तर म्हणाला, थांबू या. हा म्हणाला, "छे! माझ्या मागे या. मला वाट पाठ आहे." आम्ही मागे गेलो. तासाभरानं एका दगडाशी आलो, तर दगडावर मोसंबीची साल. ती मीच तासाभरापूर्वी ठेवली होती.

"चकवा," तो म्हणाला. आवाजात भीती नव्हती, बढती मिळाल्यासारखा आनंद होता. "चकवा लागला की चालायचं नाही. जागच्या जागी बसायचं, शिदोरी सोडायची, दोन घास पोटात घालायचे. वाट आपोआप दिसते."

बसलो. पावसात भिजलेल्या गुळपोळ्या खाल्ल्या. वाट दिसली, पण आळू दरवाज्याची. गुंजवणं गडाच्या एका अंगाला, आणि आम्ही संध्याकाळी उतरलो दुसऱ्या अंगाला, भुतोंड्यात. पहिल्याच घराच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. "कुठं निघाला होता रं पोरांनो?" आम्ही म्हणालो, गुंजवण्याला. "मंग हिकडं कशापायी आला?"

आम्ही तिघं खाली बघत होतो. हा पुढे झाला. "मावशी, मुद्दामच आलो."

तिनं नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं वाढलं. सकाळी मुक्कामी एसटीनं आम्ही भोरला आलो. रस्ताभर हा सांगत होता की गुंजवण्याला उतरलो असतो तर हे पिठलं मिळालं असतं का? मिळालं नसतं, हे खरंच. तेव्हापासून तो वाटाड्या.

आता आमचे गुडघे रिटायर झाले आहेत. दर रविवारी सकाळी तळजाईच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर जमायचं, टेकडीकडे आदरानं बघायचं आणि बसायचं. मास्तर गणिताचा, त्यामुळे चहाचा हिशेब तो करत नाही. तो कॅशियर करतो, जो बँकेतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी सुटे पैसे बोटं ओली करून मोजतो. आणि बोलतो वाटाड्या.

त्याच्या आठवणींना सन नसतात, पदार्थ असतात. "हरिश्चंद्रगड पहिल्यांदा कधी केला आपण?" असं विचारलं तर तो साल सांगणार नाही. "कांदा विसरलो होतो तेव्हा," म्हणेल. त्याच्या स्मरणशक्तीत महाराष्ट्राचा नकाशा आहे, पण तो सगळा ताटात वाढलेला. केदारेश्वराच्या गुहेत एकच खांब शाबूत आहे आणि लिंगाभोवती कमरेइतकं गार पाणी आहे, हे त्याला माहीत आहे. पण त्याचा मुद्दा हा, की त्या पाण्यातून प्रदक्षिणा घालून बाहेर आल्यावर पाचनईच्या पोरानं दिलेला कोरा चहा जसा लागला तसा चहा पुन्हा लागला नाही. कळसूबाई १६४६ मीटर आणि महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, हे मास्तर सांगतो. वाटाड्या सांगतो की बारी गावातून निघताना घेतलेले शेंगदाण्याचे लाडू शेवटच्या शिडीपाशी संपले, म्हणजे नेमके अर्ध्या शिडीनं कमी पडले.

त्याची सगळ्यात लाडकी गोष्ट दंतमंजनाच्या खिचडीची. त्या काळात कॅमेऱ्याच्या रोलची काळी प्लास्टिकची डबी मिळायची. घट्ट झाकणाची, अंगठ्याएवढी. ट्रेकवाल्यांना ती म्हणजे लक्ष्मी. एकीत मीठ, एकीत तिखट, एकीत हळद. एका रात्री तोरण्यावर, तीन दगडांच्या चुलीवर, बॅटरीच्या उजेडात यानं खिचडीत काळा मसाला घातला. ते कॅशियरचं काळं दंतमंजन होतं. लवंग होतीच त्यात, त्यामुळे पहिल्या घासाला कुणाला संशय आला नाही. दुसऱ्या घासाला मास्तर म्हणाला, "तोंड फार स्वच्छ वाटतंय." आम्ही खिचडी संपवली, कारण दुसरं काही नव्हतं. हा मात्र आजही शपथेवर सांगतो की ती आयुष्यातली सर्वोत्तम खिचडी होती. घरी त्यानं तशीच करायला घेतली होती. मंजनाशिवाय, पण धुराचा वास यावा म्हणून तांदूळ मुद्दाम करपवून. वहिनींनी पातेलं बाल्कनीत ठेवलं आणि सांगितलं, तोरणा तिकडे.

मिसळीबद्दल तो वाद घालत नाही, निकाल देतो. पुण्याच्या मिसळीत पोहे, कोल्हापुरात पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस, नाशिकला सोबत पापड आणि दही, असे भेद आम्ही उकरून काढतो. तो म्हणतो, "डोंगर उतरून खाल्ली तर मिसळ. नाहीतर ओलं फरसाण." मग टपरीवाल्याला म्हणतो, "एक प्लेट आण." आम्ही डोंगराकडे बघतो. तो म्हणतो, "पूर्वीचे धरून चालायचं."

तर हा माणूस आणि कॉम्प्युटर.

दोष माझाच. आमच्यात पहिला कॉम्प्युटर मी घेतला, १९९८ साली. फोनच्या तारेतून इंटरनेट यायचं तेव्हा डब्यात कोंबडी कोंडल्यासारखा आवाज व्हायचा. तो ऐकायला हा मुद्दाम यायचा. तेव्हा मी रुबाबात दोन-चार गोष्टी करून दाखवल्या आणि जन्माचा अडकलो. मला कॉम्प्युटरमधलं कळतं असा त्याचा समज आहे. मला फक्त बंद करून पुन्हा चालू करता येतं. पण हे त्याला सांगितलं की तो म्हणतो, "अरे, वाटाड्याला तरी दुसरं काय येतं?"

अडचण कॉम्प्युटरची नसते. ती फोनवर समजून घेण्याची असते, कारण तो स्क्रीनचं वर्णन गडासारखं करतो. खालची पट्टी म्हणजे माची. तिच्यावरची चित्रं म्हणजे बुरूज. "आता मी माचीच्या डाव्या टोकाला आहे. तिथून वर चढलो तर एक पिवळी फाइल लागली. आत गेलो. आत आणखी एक पिवळी. तिच्यात उतरलो तर काहीच नाही, कोरडं टाकं." खिडकी मिनिमाइझ झाली की तो ओरडतो, "गेली! दरीत गेली!" खिडकी बंद करायची असली की मी सांगतो, उजवीकडे वर फुलीचं चिन्ह आहे. तो विचारतो, "उजवीकडे म्हणजे माझ्या उजवीकडे का गडाच्या?"

स्क्रीनवर तो छोटा गोल फिरत राहिला की मी वैतागतो. तो नाही. त्याच्या हिशेबानं ती पोपटी आहे. एका जानेवारीत आम्ही अलिबागजवळ पोपटी खाल्ली होती. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये अंडी, बटाटे, पुन्हा पाला. मग मडकं शेतात उपडं घालायचं आणि चहूबाजूंनी जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि चर्र झालं की झाली. "मध्येच उघडून बघितलंस की शेंगा कच्च्या," तो मलाच समजावतो. "फिरू दे त्याला." लॅपटॉपवर पाणी शिंपडून बघायचं तेवढं त्यानं बाकी ठेवलं आहे.

पासवर्डाची गंमत वेगळी. त्याच्या पेन्शनच्या खात्याला दर तीन महिन्यांनी नवा पासवर्ड लागतो, आणि जुना पुन्हा चालत नाही. यानं डोकं लढवून किल्ल्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. महाराष्ट्रात साडेतीनशे किल्ले म्हणतात. म्हणजे हा साठा त्याला सत्त्याऐंशी वर्षं पुरेल, असा हिशेब मास्तरनं मांडून दिला. सिंहगड झाला, राजगड झाला, पुरंदर झाला. हरिश्चंद्रगडाला जरा त्रास झाला, कारण इंग्रजीत त्यात तीन एच आहेत आणि हा दोनच घालायचा. पण खरी पंचाईत अशी, की आपण सध्या कुठल्या गडावर आहोत हेच त्याला आठवत नाही. मग तो खुर्चीतूनच हाक मारतो, "अगं, आपण कुठं आहोत?" स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज येतो, "विसापूर! लोहगड दिवाळीत झाला!" हे शेजारच्या ब्लॉकमध्येही ऐकू जातं. पासवर्ड गुप्त ठेवायचा असतो असं मी त्याला एकदा म्हणालो. तो म्हणाला, "किल्ले काय गुप्त ठेवायच्या गोष्टी आहेत?"

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. आता तो मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो. चेहरा गोलात आणायचा आणि सांगितलं की डोळ्यांची उघडझाप करायची. एवढंच. याला गोलात आणायलाच वीस मिनिटं लागली, कारण तो मोबाइलशी बोलत होता आणि बोलताना त्याची मान हलते. उघडझाप करा म्हटलं की तो डोळे मिटायचा आणि उघडायचाच नाही. "पद्मासनात बसल्यासारखं वाटतं," म्हणाला. उजेड कमी म्हणून गच्चीवर गेलो. गच्चीवर वारा, केस डोळ्यांवर. शेवटी वहिनी वाटीत ताज्या कुरडया तळून घेऊन वर आल्या. त्यानं वाटीकडे बघितलं, मोबाइलकडे बघितलं, पुन्हा वाटीकडे बघितलं, आणि हिरवी खूण उमटली. आमचा वाटाड्या त्या वर्षापुरता जिवंत ठरला.

या सगळ्यात त्याचं एक मोठं काम चालू आहे. तो गडांच्या आठवणी लिहितो आहे. खरं तर लिहून झाल्या होत्या, दोन हजार सालच्या आसपास. एका टायपिंगवाल्याकडून कृतिदेव या फॉन्टमध्ये करून घेतल्या, फ्लॉपीवर घेतल्या आणि दमट हवा लागू नये म्हणून ती फ्लॉपी पापडाच्या डब्यात ठेवली. पुढे कुणीतरी ती सीडीवर घेतली, सीडीची पेनड्राइव्ह झाली, आणि तीन वर्षांपूर्वी यानं नव्या लॅपटॉपवर फाइल उघडली. मराठीचा पत्ता नाही. जिथे राजगड असायला हवा तिथे इंग्रजी जे, के, टी, एक्स आणि मोठा एम.

यात भुताटकी काही नाही. त्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असायची. जे दाबला की र उमटायचा, के दाबला की काना. तो फॉन्ट मशीनवर नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा नंबर आहे, त्यामुळे तिथे हा प्रकार होत नाही. मी हे सगळं त्याला समजावून सांगितलं. फॉन्ट आणून घालतो म्हणालो, अक्षरं बदलून देणारे प्रोग्रॅम असतात म्हणालो. तो म्हणाला, "सावकाश." आणि पुढच्या रविवारी टपरीवर कागद घेऊन आला. आठवडाभर बसून तो ती लिपी वाचायला शिकला होता! मोडी वाचणारी माणसं जशी अडखळत, बोट ठेवत वाचतात, तसा तो वाचत होता. "हे बघ, जे के टी एक्स एम. राजगड! सोपं आहे." माझ्या मते त्या लिपीचं स्वेच्छेनं अध्ययन केलेला तो जगातला एकमेव इसम असावा.

पुढे मी ती फाइल बदलून दिली. बहुतेक सगळं जमलं, फक्त ऱ्हस्व वेलांट्या सरकल्या. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, नव्या पद्धतीत नंतर. बदलताना ती कधी कधी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. त्यामुळे आमच्या वाटाड्याच्या समग्र आठवणींत आम्ही गडावर खचिडी शिजवली आहे, भुतोंड्यात पठिलं खाल्लं आहे आणि उतरल्यावर मसिळ. मी म्हणालो, दुरुस्त करून देतो. त्यानं दोन पानं वाचली आणि मान हलवली. "राहू दे. त्या दिवशीचं पठिलं खरंच वेगळं होतं."

गेल्या महिन्यात मात्र उलटं झालं. मला सकाळी नऊला एक लेख पाठवायचा होता. रात्री दहाला, शेवटचे दोन परिच्छेद उरलेले असताना माझ्या मशीननं मला न विचारता अपडेट सुरू केलं. निळा पडदा, बंद करू नका अशी सूचना, आणि पस्तीस टक्के. साडेदहा वाजले, पस्तीस टक्के. बंद करून चालू करण्याची माझी एकमेव विद्या, तिलाच मनाई. मुलगा परगावी, फोन उचलेना. शेवटी मी वाटाड्याला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा, मी त्याला.

"जेवलास का?" तो म्हणाला.

मी जरा चढ्या आवाजातच सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "चकवा आहे. हलू नकोस. घरात खायला काय आहे?"

"चुरमुरे."

"मी येतो."

त्याच्या घरापासून माझं घर चालत सात मिनिटांवर आहे आणि तो तिथे चाळीस वर्षं येतो आहे. साडेअकरा झाले तरी पत्ता नाही. मी चुरमुऱ्यांत शेंगदाणे, कांदा, तिखट घालून बसलो होतो. पाऊण वाजता बेल वाजली. दारात हा, हातात स्टीलचा डबा, कपाळावर घाम.

आमच्या सोसायटीत नवे दिवे बसवले आहेत, त्यामुळे रात्री सगळ्या विंगा सारख्या दिसत असाव्यात. हा बी विंगऐवजी सी विंगमध्ये शिरला, तिसऱ्या मजल्यावर गेला आणि बेल वाजवली. दार उघडणाऱ्या माणसाला यानं विचारलं, "किती टक्के झालं?" त्या घरात नातवाच्या दहावीच्या निकालाची वाट बघत होते. त्यांना वाटलं, कुणीतरी शुभेच्छा द्यायला आलं आहे. त्यांनी आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं.

"अरे, मग लगेच निघायचं ना!" मी म्हणालो.

"मुद्दामच गेलो होतो," तो म्हणाला आणि डबा उघडला. वहिनींनी दिलेल्या दोन थालीपिठांवर चार रव्याचे लाडू ठेवलेले होते.

अपडेट सकाळी सव्वासहाला पूर्ण झालं. लेख अकराला गेला. आणि सी विंगमध्ये रव्याचे लाडू फार चांगले करतात.